मध्ये कोण बसणार?

भाचीच्या लॅपटॉपवर गिटहबचं एकच टोकन तीन फायलींत उघडं पडलेलं होतं. एक फाइल क्लॉड डेस्कटॉपची, एक कर्सरची, एक व्हीएस कोडची. तिन्हींत तोच महिरपी कंसांचा जेसन मजकूर: सर्व्हरचं नाव, तो चालू करायचा आदेश आणि त्याखाली साध्या अक्षरांत किल्ली. टोकनची मुदत संपली की तिन्हीकडे बदलायचं, आणि एखादी फाइल हमखास राहून जायची. असे तिच्याकडे नऊ सर्व्हर.

"म्हणून आम्ही मध्ये एक प्रॉक्सी बसवतोय," ती मामांना म्हणाली. "सगळे सर्व्हर त्याच्या मागे. पुढे एकच पत्ता."

"मध्ये एकच काहीतरी बसवू, हे वाक्य मी नोकरीत फार वेळा ऐकलंय," मामा म्हणाले. "आणि ते बंद पडलं की रात्री दोनला फोन मला यायचा."

मामा एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले, भाची बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोघंही या लेखापुरती उभी केलेली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या जाहीर घटना मात्र घडलेल्या आहेत, आणि हा वाद एआय वापरणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला आज ना उद्या घालावाच लागतो.

वादाचं मूळ असं. एआय मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहितं. त्याला तिकीट वाचायचं असेल, डेटाबेसला काही विचारायचं असेल, मेल धाडायची असेल, तर बाहेरच्या प्रणालीशी जोडून द्यावं लागतं. पूर्वी ही जोडणी प्रत्येक ॲपसाठी वेगळी लिहावी लागे. दहा ॲप्स आणि वीस प्रणाली म्हणजे दोनशे जोडण्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. डेव्हिड सोरिया पारा आणि जस्टिन स्पार-समर्स या दोन अभियंत्यांचं हे काम. प्रेरणा मायक्रोसॉफ्टच्या २०१६ सालच्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची, ज्याने कोड एडिटर आणि प्रोग्रामिंगच्या भाषा यांच्यातला असाच गुंता सोडवला होता. एमसीपीत प्रत्येक प्रणालीने आपला सर्व्हर एकदा लिहायचा, प्रत्येक ॲपने आपला क्लायंट एकदा. दोनशेचं काम तिसात आलं. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने आणि एप्रिलमध्ये गूगलने हा प्रोटोकॉल स्वीकारला, आणि मग सर्व्हरांचं अमाप पीक आलं.

"दोनशेचे तीस झाले ना? मग पुरे की," मामा म्हणाले.

"हिशेबात झाले. माझ्या मशीनवर या. स्थानिक सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर बोलतात आणि प्रत्येक ॲप आपली वेगळी प्रत उठवतं. तीन ॲप्स, सहा स्थानिक सर्व्हर, अठरा प्रोसेस. पंखा कसा घुमतोय ऐका."

मामांना पंख्यात नाही, पण स्टँडर्ड आउटपुटमध्ये रस वाटला. प्रोग्रॅम पडद्यावर जे छापतो ते ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने हे संदेश? हो, त्याच. एका ओळीला एक जेसन संदेश, आणि नियम असा की त्या वाटेने संदेशाशिवाय दुसरं अक्षर जाता कामा नये. नोंदी लिहायच्या तर स्टँडर्ड एररवर. भाचीच्या टीममधल्या एका मुलाने कोड तपासायला म्हणून एक प्रिंटची ओळ टाकली होती, 'इथपर्यंत आलं' अशी. क्लायंटला वाटलं हाही संदेशच. तो वाचता येईना, सर्व्हर मेला असं समजून त्याने जोडणी तोडली. दोन माणसांचा अर्धा दिवस त्यात गेला. "प्रॉक्सी मध्ये असता तर ती ओळ त्याच्या नोंदीत पहिल्या मिनिटाला सापडली असती," ती म्हणाली.

प्रॉक्सी काय करतो ते सांगायला सोपं आहे. ॲपसाठी तो सर्व्हर असतो आणि खऱ्या सर्व्हरांसाठी क्लायंट. ॲपने "तुझ्याकडे कुठली टूल्स आहेत?" असं विचारलं की तो मागच्या नऊही जणांना विचारतो, याद्या एकत्र करतो आणि एकच यादी पुढे करतो. दोन सर्व्हरांकडे 'सर्च' नावाचं टूल असेल तर नावापुढे सर्व्हरचं नाव जोडतो. एखादं टूल वापरायची मागणी आली की ती ज्याची त्याच्याकडे धाडतो. डॉकरचा एमसीपी गेटवे, आयबीएमचा कॉन्टेक्स्टफोर्ज, मेटाएमसीपी ही सगळी याच जातीची, खुल्या कोडची साधनं. डॉकरचा गेटवे प्रत्येक सर्व्हर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतो, आणि त्या कंटेनरला आपण परवानगी दिल्याशिवाय मशीनवरच्या फायली दिसत नाहीत.

"एक पायरी वाढली म्हणजे वेळ वाढला," मामा म्हणाले खरे, पण हा मुद्दा त्यांनीच सोडून दिला. मॉडेलला उत्तर लिहायला जिथे काही सेकंद लागतात तिथे मधल्या उडीचे चार-पाच मिलिसेकंद कोण मोजणार?

भाचीचा पुढचा मुद्दा पैशाचा होता. टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय काय द्यायचं त्याचा तपशील हे सगळं मॉडेलच्या संदर्भात आधीच ओतावं लागतं. अँथ्रोपिकनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये एका लेखात दिलेला हिशेब असा: गिटहब, स्लॅक, सेंट्री, ग्राफाना आणि स्प्लंक हे पाच सर्व्हर जोडले तर ५८ टूल्स होतात आणि संभाषणाचा पहिला शब्द लिहिण्याआधी सुमारे ५५,००० टोकन (इथे किल्ल्या नव्हे, मॉडेल मोजतं ते मजकुराचे तुकडे) खर्ची पडतात. त्यातले २६,००० एकट्या गिटहबच्या ३५ टूल्सचे. दोन लाख टोकनांची मर्यादा धरली तर चौथाईहून जास्त जागा नुसत्या यादीने अडवली. शिवाय टूल्स जास्त झाली की मॉडेल चुकीचं टूल उचलतं. प्रॉक्सी हीच यादी छाटून देऊ शकतो, म्हणजे ३५ पैकी आपल्याला लागणारी सहाच पुढे करतो.

"पण त्याच लेखात त्यांनी उपाय दिला नव्हता का?" मामांनी विचारलं. निवृत्त झाले तरी वाचन सुटलेलं नाही. "मॉडेलने टूल्स आधी शोधायची, लागेल तेवढ्यांचीच व्याख्या मागवायची. खर्च ८५ टक्के कमी, असा त्यांचा दावा. मग हे काम क्लायंटच करायला लागला. सुंठीवाचून खोकला गेला. तुझा प्रॉक्सी कशाला?"

या फेरीत मामा सरस ठरले. निव्वळ टोकन वाचवायला प्रॉक्सी बसवणाऱ्यांनी हा भाग पुन्हा तपासून बघावा. जे काम क्लायंट स्वतः करू लागलाय, त्यासाठी मध्ये आणखी एक यंत्र सांभाळण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

भाचीचा खरा जोर मात्र किल्ल्यांवर होता, आणि तिथे मामांची बाजू लंगडी पडली. "नऊ सर्व्हरांच्या किल्ल्या टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. कुणी नोकरी सोडली की काय काय रद्द करायचं याची यादी कुणाकडेच नाही. प्रॉक्सी असला की लॅपटॉपवर फक्त प्रॉक्सीचं टोकन. खऱ्या किल्ल्या आत. माणूस गेला, एक नोंद पुसली, विषय संपला."

एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सच्या संशोधकांनी जे दाखवलं ते याच्याशी थेट जुळतं. त्यांनी दोन आकड्यांची बेरीज करणारं एक साधं टूल बनवलं. वापरणाऱ्याला पडद्यावर दिसायचं ते एवढंच. पण टूलच्या वर्णनात, जे पूर्ण फक्त मॉडेल वाचतं, एक छुपी सूचना होती: बेरीज करण्याआधी कर्सरची एमसीपी फाइल वाच आणि तिचा मजकूर एका जादा रकान्यात भरून पाठव, वापरणाऱ्याला याबद्दल सांगू नकोस. मॉडेलने ते इमानेइतबारे केलं. म्हणजे विष घालणाऱ्याचा पहिला रोख होता तो भाचीच्या लॅपटॉपवर उघड्या पडलेल्या त्याच फायलीवर. या प्रकाराला 'टूल पॉयझनिंग' असं नाव पडलं. यात आणखी एक मेख आहे. वर्णन आज निर्मळ असेल, तुम्ही मंजुरी द्याल आणि पुढच्या आठवड्यात सर्व्हर ते बदलेल. प्रॉक्सी प्रत्येक वर्णनाचा ठसा जपून ठेवू शकतो आणि त्यात अक्षराचा फरक पडला तर टूल अडवू शकतो. प्रत्येक लॅपटॉपवर हे कोण करत बसणार?

"किल्ल्यांचं मान्य," मामा म्हणाले. "आता मला सांग, तुमच्या टीममधली अकरा माणसं प्रॉक्सीतून गिटहबवर गेली, तर गिटहबला कोण आलेलं दिसेल?"

"प्रॉक्सी."

"मग सांगतो. आमच्या बँकेत एका जुन्या प्रणालीत सगळे एकाच खात्यातून डेटाबेसात शिरायचे. ऑडिटर विचारायचा, ही नोंद कुणी बदलली? उत्तर एकच: ॲपयूजर. तुमच्याकडे तर त्याहून वाईट. ज्या शिकाऊ मुलाला गिटहबवर फक्त वाचायची परवानगी, तो प्रॉक्सीतून गेला की प्रॉक्सीच्या अधिकाराने लिहू शकेल."

मामांचं हे बोलणं नेमकं वर्मी लागणारं होतं. एमसीपीच्या अधिकृत नियमावलीत या धोक्याची स्वतंत्र चर्चा आहे. क्लायंटने दिलेलं टोकन जसंच्या तसं पुढे ढकलायला तिथे साफ मनाई आहे. सर्व्हरने फक्त त्याच्यासाठीच काढलेलं टोकन स्वीकारावं, आणि जून २०२५ च्या आवृत्तीपासून हे टोकन कुठल्या सर्व्हरसाठी आहे ते क्लायंटने मागतानाच सांगायचं असतं. म्हणजे धड बांधलेल्या प्रॉक्सीला दुहेरी काम आहे: आपल्या दारात माणसाची ओळख पटवायची, आणि मग मागच्या प्रत्येक सर्व्हरसाठी त्या माणसाच्या नावाची वेगळी परवानगी घेऊन सांभाळायची. एका दुपारी बसवलेले लहान प्रॉक्सी बहुधा यातलं दुसरं काम करत नाहीत. एकच सामाईक किल्ली सगळ्यांसाठी वापरतात, आणि चालतंय म्हणून कुणी बघत नाही.

एका प्रणालीत अनेकांचे अधिकार नीट वेगळे ठेवणं मोठ्यांनाही जड जातं. असानाने मे २०२५ मध्ये एमसीपी सर्व्हर सुरू केला आणि जूनमध्ये त्यातल्या एका दोषामुळे एका संस्थेची माहिती दुसऱ्या संस्थेच्या लोकांना दिसू शकते असं लक्षात आल्यावर तो काही दिवस बंद ठेवला.

"आणि ज्या पेटीत सगळ्या किल्ल्या ठेवायच्या, ती पेटीच फुटली तर?" मामा आता रंगात आले होते. त्यांच्याकडे दोन उदाहरणं तयार होती.

पहिलं एमसीपी-रिमोटचं. दूरच्या सर्व्हरशी बोलता न येणाऱ्या ॲप्ससाठी हा मधला दुवा. जुलै २०२५ मध्ये जेफ्रॉगच्या संशोधकांनी त्यातलं भगदाड जाहीर केलं: दुष्ट सर्व्हरने लॉगिनचा पत्ता म्हणून खास रचलेला मजकूर पाठवला की तो वापरणाऱ्याच्या मशीनवर आदेश म्हणून चालायचा. तीव्रता दहापैकी ९.६. तोवर हे पॅकेज चार लाखांहून अधिक वेळा उतरवलं गेलं होतं. ०.१.१६ या आवृत्तीत दुरुस्ती झाली.

दुसरं स्मिथरीचं. ही सेवा लोकांचे एमसीपी सर्व्हर आपल्याकडे चालवते. गिटगार्डियनच्या संशोधकाला तिथे असं दिसलं की सर्व्हर बांधण्याच्या सूचनांत फोल्डरचा पत्ता जरा वाकडा लिहिला की बांधणाऱ्या यंत्राच्या खासगी फायली वाचता येतात. त्यात एक टोकन सापडलं, आणि त्या एका टोकनाच्या हाताखाली तीन हजारांहून अधिक सर्व्हर होते. त्यांतून जाणाऱ्या ग्राहकांच्या किल्ल्याही. कंपनीला जून २०२५ मध्ये कळवल्यावर तिने भोक लगेच बुजवलं आणि गैरवापराचा पुरावा मिळाला नाही. "नशीब," मामा म्हणाले. "पण कुंपणच शेत खायला लागलं तर काय होतं ते दिसलं ना?"

भाची गडबडली नाही. "स्मिथरी दुसऱ्याचं घर होतं. आमचा प्रॉक्सी आमच्या नेटवर्कमध्ये, बाहेरून पत्ताच नाही. आणि एमसीपी-रिमोट तर लोकांनी आपापल्या लॅपटॉपवर चालवलेलं. आवृत्ती कोण जुनी चालवतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मध्ये एक जागा असती तर एकदाच बदलायचं होतं." दोन्ही उत्तरं रास्त आहेत. पहिलं जास्त महत्त्वाचं: स्वतः चालवलेला प्रॉक्सी आणि परक्याने होस्ट केलेला प्रॉक्सी यांना एकाच नावाने ओळखलं जातं, पण जोखीम वेगळ्याच जातीची आहे.

मग मामांनी सर्वांत अवघड प्रश्न काढला. मे २०२५ मध्ये त्याच इन्व्हेरियंट लॅब्सने गिटहबच्या एमसीपी सर्व्हरवर एक प्रात्यक्षिक दाखवलं होतं. एका सार्वजनिक रिपॉझिटरीत कुणीही तक्रार नोंदवू शकतं. हल्लेखोर अशी एक तक्रार लिहितो, ज्यात मॉडेलसाठी सूचना दडवलेली आहे. मालक आपल्या सहायकाला सहज म्हणतो, उघड्या तक्रारी बघ. मॉडेल ती वाचतं, सूचना पाळतं, मालकाच्या खासगी रिपॉझिटरीतली माहिती काढतं आणि सार्वजनिक पुल रिक्वेस्टमध्ये मांडून ठेवतं. गिटहबचा सर्व्हर निर्दोष. टोकन खरं. प्रत्येक मागणी कायदेशीर.

"तुझा प्रॉक्सी इथे काय करणार?" मामांनी विचारलं. "वाचायची मागणी आली, सोडली. लिहायची आली, सोडली."

"तसाच ठेवला तर काहीच नाही करणार," ती म्हणाली. "पण त्याला नियम देता येतो. एका सत्रात एकच रिपॉझिटरी. पहिल्या मागणीत जिला हात लावला तिच्याबाहेरची मागणी आली की नकार. हा नियम मॉडेलला समजावून सांगायचा नाही. मॉडेलला कुणीही पटवू शकतं. प्रॉक्सीला मजकूर कळतच नाही, म्हणून त्याला पटवता येत नाही."

सगळ्या वादातलं सर्वांत चांगलं वाक्य हेच. सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने जून २०२५ मध्ये तीन गोष्टींचं घातक त्रिकूट मांडलं होतं: खासगी माहितीपर्यंत पोच, परक्याचा मजकूर वाचणं आणि बाहेर काही पाठवता येणं. तिन्ही एका सहायकाच्या हाती आल्या की चोरीची सोय झाली. नऊ सर्व्हर एकत्र जोडले तर हे त्रिकूट आपोआप जमतं, कारण एक सर्व्हर डेटाबेसाचा, दुसरा वेबपानांचा, तिसरा मेलचा. आणि तिघं एकत्र येतात ती जागा एकच: प्रॉक्सी. तिघांना वेगवेगळ्या गटांत टाकून एका कामाला एकच गट द्यायचा, हे तिथेच करता येतं. जुन्या वाड्यांचा थोरला दरवाजा रोज उघडत नसत. त्यातली दिंडी उघडायची, वाकून जायचं. प्रॉक्सी बसवून मागची सगळी टूल्स जशीच्या तशी पुढे करणं म्हणजे थोरला दरवाजा सताड ठेवणं, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी तेच होतं.

दिंडीपुरतं उघडण्याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. झिरोधाने २०२५ मध्ये काइटचा एमसीपी सर्व्हर आणला. त्यांनी होस्ट केलेल्या आवृत्तीत आपले शेअर्स, पोझिशन्स, बाजारभाव मॉडेलला विचारता येतात. ऑर्डर टाकण्यासारखी जोखमीची टूल्स त्यातून वगळलेली आहेत. कोड खुला आहे, आणि काय वगळायचं त्याची यादी एका सेटिंगमध्ये लिहिता येते. ज्याला स्वतःच्या जबाबदारीवर सगळं हवं त्याने स्वतः चालवावं. मुळात काय मिळू नये हे आधी ठरवलं गेलं, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट.

मामांनी मान डोलावली, पण पोस्टमार्कचं प्रकरण राखून ठेवलं होतं. पोस्टमार्क ही मेल पाठवणारी सेवा. तिच्या नावाशी साधर्म्य असलेलं एक एमसीपी पॅकेज एनपीएमवर कुणीतरी ठेवलं होतं. पंधरा आवृत्त्या सरळ चालल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये १.०.१६ या आवृत्तीत एक ओळ वाढली: जाणाऱ्या प्रत्येक मेलची गुप्त प्रत एका परक्या पत्त्यावर. कोई सिक्युरिटीच्या लोकांनी ते हेरलं.

"टूलचं नाव तेच, वर्णन तेच," मामा म्हणाले. "तुझ्या ठशाला फरक दिसला नसता. प्रॉक्सीपाशी आलेली मागणी स्वच्छ. प्रत जोडली गेली ती सर्व्हरच्या पोटात."

"कंटेनरचं बाहेरचं जाळं बंद ठेवलं असतं तर?"

"पोस्टमार्कला जायची वाट तर ठेवावीच लागते. आणि ती गुप्त प्रत पोस्टमार्कमार्फतच जात होती."

यावर भाचीकडे एकच उत्तर होतं: आवृत्ती गोठवायची, आपोआप नवी उतरू द्यायची नाही, आणि बदलताना कुणीतरी फरक वाचायचा. ते उत्तर खरं आहे, पण त्याला प्रॉक्सी लागत नाही, शिस्त लागते. मधल्या यंत्राला येणारं-जाणारं दिसतं, आतलं दिसत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

नोंदींच्या बाबतीत दोघांची भूमिका उलटीपालटी झाली. आयटी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवाव्यात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी, असा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. मामांनी तो नोकरीच्या शेवटच्या काळात राबवलेला. अकरा लॅपटॉपांवर विखुरलेल्या अर्धवट नोंदींतून सहा तासांत काय उत्तर देणार? कुणी, कधी, कुठलं टूल, कुठल्या माहितीसह वापरलं याची एकत्र वही म्हणून प्रॉक्सी हवाच, हे इथे मामाच म्हणाले. शंका भाचीने काढली: मागणीच्या तपशिलात ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, कधी चुकून किल्ल्याही असतात. सगळं जसंच्या तसं लिहिलं तर ती वही म्हणजे ग्राहकांच्या खासगी माहितीचा आणखी एक साठा, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्याची जबाबदारी कंपनीवर. म्हणजे लिहिण्याआधी झाकायचं काय, हे ठरवावं लागतं. ते काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून राहून जातं.

उरला तो मामांचा रात्री दोनचा फोन. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात संध्याकाळचे पाच वाजत आले असताना चॅटजीपीटी, एक्स आणि इतर असंख्य साइट्स उघडेनाशा झाल्या. हल्ला वगैरे काही नव्हता. क्लाउडफ्लेअरच्या एका डेटाबेसाच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे बॉट ओळखणारी एक फाइल दुप्पट झाली, आणि ती वाचणाऱ्या प्रॉक्सीत ठरलेल्या मर्यादेबाहेरचा आकडा आल्यावर तो कोसळला. बहुतेक वाहतूक रात्री आठपर्यंत सुरळीत झाली, पूर्ण सावरायला साडेदहा वाजून गेले. "जगातले उत्तम अभियंते, आणि घरच्याच फायलीने घात केला," मामा म्हणाले.

"त्यानंतर लोकांनी क्लाउडफ्लेअर सोडलं का?"

"नाही सोडलं."

"मग?"

"मग मला एवढंच सांग, तुमच्या ग्राहकांना उत्तरं देणारा बॉट आणि तुमची टीम, दोघं एकाच प्रॉक्सीमागे बसणार आहेत का?"

बसणार होते. एका सर्व्हरवर एका मुलाने प्रयोग म्हणून काही बदललं की ग्राहकांचा बॉटही अडणार होता. भाचीने ते तिथेच वहीत लिहून घेतलं: दोन वेगळे प्रॉक्सी, ग्राहकांच्या बाजूच्या प्रॉक्सीवर फक्त वाचणारी टूल्स, आणि मागचा एखादा सर्व्हर उत्तर देईना तर ठरावीक सेकंदांनी त्याला सोडून बाकीच्यांचं काम चालू.

सगळेच सर्व्हर प्रॉक्सीच्या मागे ढकलायचे नाहीत, यावरही त्यांचं जुळलं. फायली वाचणारा सर्व्हर आणि ब्राउझर चालवणारा सर्व्हर ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहणं भाग आहे. सामाईक प्रॉक्सीला कुणाचं फोल्डर आणि कुणाचं लॉगिन हे कळणार कसं? एमसीपी दुतर्फा आहे हेही विसरलं जातं. जून २०२५ च्या आवृत्तीपासून सर्व्हर काम अर्धवट थांबवून वापरणाऱ्याला उलट प्रश्न विचारू शकतो. फक्त टूल्सची यादी आणि टूल्सच्या मागण्या एवढंच जाणणारा प्रॉक्सी हा प्रश्न गिळून टाकतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं की सर्व्हर अडकला. पहिल्या वर्षभरातच या प्रोटोकॉलच्या चार आवृत्त्या निघाल्या. मार्च २०२५ मध्ये तर दूरच्या सर्व्हरशी बोलण्याची जुनी पद्धतच बाजूला सारून नवी आणली गेली. जुने सर्व्हर आणि नवे क्लायंट यांच्यात दुभाष्या म्हणून प्रॉक्सी उपयोगी पडतो, पण त्यासाठी तो स्वतः अद्ययावत ठेवणारा माणूस लागतो. तो माणूस कोण, हा प्रश्न भाचीच्या कंपनीत अजून कुणी विचारलेला नव्हता.

दोन-तीन सर्व्हर वापरणाऱ्या एकट्या माणसाने प्रॉक्सीच्या भानगडीत पडू नये. आवृत्त्या गोठवाव्यात, किल्ल्या फायलीतून काढून ऑपरेटिंग सिस्टमच्या तिजोरीत टाकाव्यात, तेवढ्याने भागतं. चार-पाच माणसांच्या पुढची टीम असेल तर प्रॉक्सी घ्यावाच: आपल्या नेटवर्कमध्ये, माणसागणिक वेगळ्या परवानग्यांसह, लिहिणारी आणि पुसणारी टूल्स आधी बंद ठेवून आणि तो सांभाळणाऱ्याचं नाव कागदावर लिहून. आणि कुणा परक्याच्या फुकट होस्टेड गेटवेला ग्राहकांच्या डेटाबेसाची किल्ली, तात्पुरती म्हणूनही, देऊ नये.